आधी आपली चूक

गिरिजाबाई मोहिते शाळेत कानडी शिकवायच्या, घरी मराठी बोलायच्या आणि भांडण दोन्ही भाषांत करायच्या. मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. माझं नाव चिदंबर. आता म्हैसूरलाच, बोगादीला मुलाच्या घरी राहतो. सकाळी फिरायला गेलं की बाकावरची मंडळी म्हणतात, मास्तर, एखाद्या चांगल्या शिक्षकाबद्दल लिहा की. त्यांना वाटतं, शेवटी कुणी मोठा साहेब झालेला विद्यार्थी येऊन पाया पडेल आणि आपले डोळे पाणावतील. या हकिगतीत तसं कुणी येत नाही. ज्यांना पाया पडलेलं बघायचं असेल त्यांनी इथंच उठावं, मला राग नाही.

बाई बुटक्या, काळ्यासावळ्या, आणि चालायच्या अशा की समोरच्यानंच बाजूला व्हावं. बन्नीमंटपजवळच्या एका गल्लीत एकट्या राहायच्या. नवरा लग्नानंतर तीन वर्षांत वारला होता, त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. बोलायच्या त्या आजोबांबद्दल. आजोबा मानाजीराव महाराजांच्या पागेत दफेदार. अख्ख्या पागेत लिहिता येणारा हा एकच गडी, त्यामुळे ज्याला वर काही मागायचं असेल तो यांच्याकडून अर्ज लिहवून घ्यायचा. मानाजीरावांची अर्जाची एक रीत होती. आधी आपली चूक, मग धन्याची थोरवी, मग मागणं. आणि चूक खरी हवी. खोट्या चुकीचा धन्याला वास येतो, असं ते म्हणायचे.

एकदा म्हणे त्यांच्याच हवाली असलेला घोडा मेला. मानाजीरावांनी अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलं की त्या रात्री मी झोपलो होतो. सगळ्यांना वाटलं आता पाठ सोलून निघणार. पण वरून माफी आली आणि मागून नवा घोडाही आला. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये निदान वीस वेळा ऐकली. एकदा वैतागून म्हणालो, "गिरिजाबाई, ज्याला घोडा मिळाला त्याचीच गोष्ट नातीपर्यंत पोचते. ज्यांना फटके मिळाले त्यांच्या नाती काय सांगणार?"

"सर, तुम्ही गणितवाले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माणसाच्या मनातलं काय कळणार? सुम्ने बसा."

सुम्ने बसा म्हणजे गप बसा. मी बसलो. पुढं हेच काम मी फार चांगलं केलं, ते येईलच.

पण शिकवायच्या मात्र अशा की माझा तास नसला की मी मुद्दाम सातवीच्या वर्गाच्या मागच्या दारात उभा राहायचो. कानडीच्या पुस्तकात एक धडा होता. एका गावच्या कुंभारणीची भट्टी राजाच्या वाटेत येते, प्रधान ती मोडायला सांगतो, कुंभारीण दरबारात जाते, राजा न्याय करतो. इतर शिक्षक या धड्याखाली 'राजाचे गुण लिहा' असा प्रश्न देऊन मोकळे व्हायचे. बाईंनी फळ्यावर तीन रकाने पाडले. बोलणारे, ऐकणारे आणि नुसते उभे. मग म्हणाल्या, धड्यातल्या प्रत्येक माणसाला कुठल्यातरी रकान्यात बसवा. मुलं भांडायला लागली. राजा बोलणारा की ऐकणारा? कुंभारणीच्या नवऱ्याचं काय, तो तर घरीच आहे! शेवटी दारातला भालावाला शिपाई उरला. तो चार पानं उभा आहे आणि त्याच्या तोंडी एक शब्द नाही.

"याला एक वाक्य द्यायचं झालं तर कुठलं द्याल?" बाईंनी विचारलं.

तिसऱ्या बाकावरची तुळसी उठली. "टीचर, त्याला वाक्य दिलं तर गोष्टच संपेल. तो म्हणेल, माझे पाय दुखतात, मी घरी जातो. मग राजाला कोण भिणार?"

मी मागच्या दारात उभा होतो. मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. बारा वर्षांची पोर ती. आपण जन्मभर 'बळी तो कान पिळी' म्हणत बसतो, पण त्या बळीच्या हातातला भाला दुसराच कुणी धरून उभा असतो, हे मला चाळिशीपर्यंत सुचलं नव्हतं. गिरिजाबाईंनी खडू खाली ठेवला आणि नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या.

तुळसीला शाळेत आणली होती बाईंनीच. तिची माणसं आमच्यातलीच, म्हणजे पागेतल्या शिलेदारांची. पागा मोडल्यावर कुणा पणजोबाला म्हैसूरबाहेर वरुणा गावाकडं तुकडाभर जमीन मिळाली आणि घर तिकडंच राहिलं. वडिलांचं नाव फत्तेसिंगराव. नाव सोनुबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं, फत्तेसिंगरावांची एकूण दौलत दोन एकर भात, थोडा ऊस आणि तीन म्हशी. घरात मराठी, ती पण अर्धी कानडी. बाई एका लग्नात तिकडं गेल्या होत्या, तिथं ही पोरगी वऱ्हाड्यांशी वाद घालताना त्यांना दिसली. मग बाई फत्तेसिंगरावांच्या मागेच लागल्या. ते शेवटी म्हणाले, "टीचरम्मा, सातवीची पब्लिक परीक्षा पास होऊ दे, मग पुढं हायस्कूलचं नोडूया, बघू. नापास झाली की आयतु, संपलं. म्हशी आहेतच." एवढ्या बोलीवर तुळसी रोज सकाळी डेअरीला दूध घालून म्हैसूरची बस पकडायला लागली.

ही गोष्ट एक्याऐंशी सालची. त्या जूनमध्ये शाळेच्या कमिटीच्या सेक्रेटरींनी नवा नियम काढला. दहाच्या ठोक्याला गेट बंद, ते उघडायचं पहिला तास संपल्यावर, पावणेअकराला. पहिल्या तासाला जो नाही तो दिवसभर गैरहजर. तुळसीची बस कधी दहाला पाच कमी असताना यायची, कधी सव्वादहाला. बसला कुणी नियम लावला नव्हता.

पहिला तास गणिताचा, म्हणजे माझा. हजेरी मी घ्यायचो. माझ्या खिडकीतून गेट दिसायचं. उशीर झाला की तुळसी गेटबाहेरच्या मोरीच्या कठड्यावर बसायची, दप्तर मांडीवर घेऊन वही काढायची आणि मान उंच करून माझ्या फळ्याकडं बघायची. मी आकडे मोठे काढायला लागलो. वर्गातल्या मुलांना वाटलं सरांची नजर अधू झाली. मग ती तिथं बसून गणितं सोडवते तर गैरहजर कशी, असं मनाशी म्हणून मी हजेरीत तिच्या नावापुढं टिक करायला लागलो. कुणाला सांगितलं नाही. महिनाअखेर हजेरीचे दिवस वाचून दाखवायचो, त्यावरून तुळसीनं ते ओळखलं असणार. चोरून केलेल्या चांगुलपणाची एक मजा असते, ती मला येत होती, हे कबूल करतो.

नोव्हेंबर संपता संपता बाईंनी सातवीला अर्जलेखन घेतलं. परीक्षेतला अर्ज म्हणजे 'मला ताप आला आहे, दोन दिवस रजा मिळावी'. बाईंना त्या रजेची चीड होती. म्हणाल्या, "ज्याच्या हातात खरंच काही आहे, त्याला लिहा. आणि असं लिहा की त्याला नाही म्हणताना लाज वाटली पाहिजे." मुलांनी विषय निवडला गेटचा. अडतीस मुलांनी अडतीस अर्ज लिहिले. बाईंनी मानाजीरावांची रीत सांगितली होतीच. आधी आपली चूक, आणि चूक खरी.

सगळ्यांत चांगला अर्ज तुळसीचा, यात वादच नव्हता. बाई तो घेऊन मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आल्या आणि उभ्या उभ्या वाचायला लागल्या. मूळ कानडीत होता, मी आठवेल तसा मराठीत सांगतो. "माझी चूक प्रथम सांगते. मी पावणेअकराला वर्गात येते, पण हजेरीत मी दहालाच आलेली असते. म्हणजे रोज एक खोटी तुळसी माझ्याआधी येऊन माझ्या जागेवर बसते. मला तिची लाज वाटते. गेट साडेदहापर्यंत उघडं राहिलं तर खरी तुळसी वेळेवर येईल आणि त्या खोटीला घरी पाठवता येईल."

"काय लिहिलंय, अय्यो!" बाई म्हणाल्या. "सर, चाळीस वर्षांच्या माणसाला असं लिहिता येत नाही."

तोंडातला अवलक्कीचा, म्हणजे पोह्यांचा, घास तसाच राहिला. समोर हेडमिस्ट्रेस जयलक्ष्मी चहा पीत बसल्या होत्या. मी म्हणायला हवं होतं, बाई, ती ओळ काढा. पण का काढा हे सांगायचं तर टिक कोण करतो हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "बरं लिहिलंय." एवढंच. बाई एरवी एवढ्या हुशार, पण हजेरीत तुळसी दहाला कशी येते, हा प्रश्न त्यांना पडला नाही. त्या वाक्यावरच भाळल्या होत्या. खाली अडतीस सह्या झाल्या आणि अर्ज सेक्रेटरींकडे गेला.

सेक्रेटरी मनोहरराव. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नेहमी इस्त्रीचा कोट. तेही आमचेच, पागेतल्याच घराण्यातले. फक्त त्यांच्या आजोबांचा हुद्दा मानाजीरावांच्या दोन पायऱ्या वर. आठ दिवसांनी त्यांनी आम्हा तिघांना बोलावलं, जयलक्ष्मी, गिरिजाबाई आणि मी. अर्ज त्यांच्या पुढ्यात होता.

"हे मानाजीरावांचं वळण दिसतं," ते हसून म्हणाले. "आमच्या घरी असले अर्ज पेटीभर होते. फार दिवसांनी वाचायला मिळाला."

बाईंचा चेहरा खुलला. मला वाटलं, सुटलो. ही रीत आहे, पहिली ओळ मान लववण्यापुरती असते, हे या माणसाला कळतं. आणि त्यांना ते कळत होतंच, मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले.

"हजेरी तुम्ही घेता?"

"हो सर."

"मग ही दहाला हजर कशी लागते?"

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या प्रोबेशनवर होतो. चाळिशीला आलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा कायम व्हायची आशा होती. घरी आई होती, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. या सगळ्या सबबी मला तेव्हा आठवल्या नाहीत, नंतर सुचल्या. तेव्हा नुसती भीती होती. मी म्हणालो, "मान खाली घालून टिक करतो सर. नाव घेतलं की हजर म्हणून आवाज येतो. कुणीतरी मैत्रीण ओरडत असेल."

गिरिजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्या क्षणी कळलं की नाही, माहीत नाही.

मनोहररावांनी हुकूम तिथंच लिहवून घेतला. मला वाटलं होतं, अर्ज फेटाळतील. फेटाळला असता तर भांडायला तरी जागा राहिली असती. त्यांनी तो अक्षरशः ओळीओळीनं मान्य केला. मागणी रास्त आहे, येत्या जूनपासून गेट साडेदहापर्यंत उघडं राहील. आणि अर्जदारानं स्वतः कबूल केलेली हजेरीतली चूक पहिल्या दिवसापासून दुरुस्त करावी.

तो कागद वर्गात वाचून दाखवायचं काम बाईंवर आलं. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं तेव्हा पोरांनी बाकं बडवली. टाळ्या, शिट्ट्या. तुळसी तोंडावर हात ठेवून हसत होती. अर्ज लिहिला, वर पोचला, आणि गेट उघडलं! बाराव्या वर्षी एवढं कुणाच्या वाट्याला येतं? मग बाईंनी दुसरं वाक्य वाचलं. मुलांना कळलं नाही, त्यांच्या टाळ्या थोडा वेळ चालूच होत्या. तुळसीला कळलं. गणितात ती हुशार होतीच. वर्षाचे दिवस दोनशे, परीक्षेला बसायचं तर पन्नासाच्या वर चुकवता येत नाहीत. तापात आणि भाताच्या लावणीत तिचे सत्तावीस आधीच गेले होते. तिनं वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली आणि पेन्सिल खाली ठेवली.

हजेरीपुस्तक माझ्याकडे आलं. लाल शाईनं एकतीस टिका मी खोडल्या, प्रत्येक ठिकाणी सही केली. सत्तावीस आणि एकतीस, अठ्ठावन्न. आठ दिवस जास्त. त्या एकतीसही दिवशी ती मोरीच्या कठड्यावर बसून माझीच गणितं सोडवत होती. हे जगात दोघांना माहीत होतं, मला आणि तिला.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मी गिरिजाबाईंना सगळं सांगितलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या बाकावर बसल्या.

"मी स्टाफरूममध्ये अर्ज वाचून दाखवला तेव्हा का नाही बोललात?"

"जमलं नाही."

"आणि त्या पोरींवर ढकललंत, सर? त्या ओरडल्या म्हणून?"

मग त्याच उठल्या, म्हणाल्या, चला, आत्ताच्या आत्ता हेडमिस्ट्रेसना सांगू. माझी नोकरी जाईल हे मी मनाशी मान्य केलं होतं, किंवा तसं मला वाटत होतं. जयलक्ष्मीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या, मी आजही म्हणतो. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही खोटी हजेरी लावत होता असं लिहून दिलंत, तर हे पुस्तकच खोटं ठरतं. मग एका मुलीचा प्रश्न राहत नाही. शिक्षण खातं म्हणेल, अडतीसही मुलांच्या हजेरीवर विश्वास कसा ठेवायचा? सगळ्या वर्गाची परीक्षा अडकेल. लिहायचं असेल तर लिहा. मी पुढं पाठवते."

ते खरं होतं की नुसता धाक होता, मला आजतागायत कळलेलं नाही. मी कागद पुढं ओढला. पण बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"सर, बेड," त्या म्हणाल्या. नको. "अडतीस पोरं आहेत."

मी त्यांना तोवर कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. माझा कागद कोरा राहिला आणि खरं सांगायचं तर आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं. या सुटकेची लाज मला अजून वाटते, आणि लाज वाटून तिचा काही उपयोग नाही हेही कळतं.

त्यानंतर बाई मनोहररावांच्या घरी तीनदा गेल्या. पहिल्यांदा युक्तिवाद केला. म्हणाल्या, ही आपल्या लोकांची लिहायची रीत आहे, तुमच्या पेटीत असे शंभर अर्ज असतील, त्यांतल्या कितींची चूक कुणी वसूल केली? दुसऱ्यांदा विनंती केली. तिसऱ्यांदा, मला वाटतं, पाया पडल्या. हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्या दिवशी परतल्या तेव्हा त्यांचा आवाज बसलेला होता. मनोहररावांनी त्यांना तिन्ही वेळा चहा दिला आणि तिन्ही वेळा तेच म्हणाले. "गिरिजाबाई, मी तुमच्या मुलीचा शब्द न् शब्द मानला. याहून जास्त मान कुणी देतं का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आम्ही सगळे त्यांचे आभार मानायच्या जागी होतो. गेट उघडणार होतं ना!

फेब्रुवारीत परीक्षेची यादी लागली. अडतीसच्या जागी सदतीस नावं. तुळसी त्याच्या आधीच यायची थांबली होती. फत्तेसिंगराव शब्दाचे पक्के, त्यांनी आदळआपट केली नाही की शाळेत येऊन भांडले नाहीत. नुसता निरोप पाठवला की पोरगी आता घरीच राहील, मेमध्ये तिच्या आत्याच्या दिरासाठी बघायला येणार आहेत.

एका रविवारी गिरिजाबाई मला म्हणाल्या, चला वरुणाला. मी नको म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "मी एकटी गेले तर तिला वाटेल, सर रागावलेत. तेवढं तरी नको."

बसमधून उतरून उसाच्या कडेनं चालत गेलो. फत्तेसिंगराव अंगणात म्हशीला चारा टाकत होते. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले, घोंगडी पसरली. तक्रारीचा एक शब्द नाही. बाईच बोलत राहिल्या, की पुढच्या वर्षी परत सातवीत बसवू, खर्च माझा, बाहेरून परीक्षा देता येते, मी रविवारी येऊन शिकवीन. फत्तेसिंगराव ऐकत होते. मग म्हणाले, "टीचरम्मा, तुम्ही म्हणालात म्हणून शाळेत घातली. तुम्ही म्हणालात म्हणून तिनं खरं लिहिलं. निज, खरं सांगा, खरं लिहून माझ्या पोरीला काय मिळालं? आता आणखी काही म्हणू नका."

मी आल्यापासून सुम्ने बसलो होतो.

तेवढ्यात तुळसी आतून आली. हात शेणानं माखलेले होते, ते तिनं आधी धुतले. ओढणीच्या टोकाला पुसून कोनाड्यातून एक वही काढली आणि बाईंच्या पुढ्यात धरली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. एखादं गणित चुकल्यावर ती पुन्हा मांडून आणायची, तसा चेहरा होता.

"टीचर, मी दुसरा अर्ज लिहिलाय," ती म्हणाली. "पहिल्यात एकच चूक लिहिली होती ना. कमी पडली. यात सगळ्या लिहिल्यात."

बाईंच्या खांद्यावरून मीही वाचलं. नऊ चुका होत्या, एकाखाली एक, सुरेख अक्षरात. मी लांब राहते. जुलैमध्ये मला ताप आला. म्हैस अडवून उभी राहते तेव्हा धार काढायला मला वेळ लागतो. धड्यातल्या भालावाल्याबद्दल मी वर्गात उद्धटपणे बोलले. पहिल्या अर्जात मी माझी चूक नीट सांगितली नाही. नववी चूक अशी होती. चिदंबर सरांना माझ्यामुळे खोटं बोलावं लागलं.

मी उठून म्हशींकडं गेलो. तिथं उभा राहून काय करणार? परत आलो. वर्गात खडू मागावा तसं बाईंनी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि मग ते तिच्याच हातात परत दिलं.

"यातली एकही चूक तुझी नाही ग," त्या म्हणाल्या. "सगळ्या खोड."

तुळसी आज्ञाधारक. तिनं वही मांडीवर घेतली, एकेक ओळ सरळ रेघेनं खोडली, नवव्या ओळीपाशी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीही खोडली. खाली फक्त एक वाक्य उरलं. मला परीक्षेला बसू द्यावं.

"टीचर, आता नुसतं मागणंच राहिलं," ती म्हणाली. "नुसतं मागितलं तर देतात का?"

कुणाच्याही शब्दाला शब्द देणारी बाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फत्तेसिंगरावांकडं पाहिलं, आणि फत्तेसिंगराव म्हणाले, चारची गाडी चुकेल, निघा आता.